अंगठ्याच्या मुळाशी 12 किलो: हाताच्या झिजेवर ऑक्युपेशनल थेरपी नेमकं काय करते

बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. आधी फडकं लावून बघतो, मग दुसऱ्या हाताने, मग घरातल्या कुणाला तरी हाक मारतो, आणि मग हळूहळू ती बरणी घट्ट लावायचीच बंद होते, झाकण नुसतं वर टेकवून ठेवलं जातं. शर्टाची बटणं न काढताच शर्ट डोक्यातून काढायचा, किल्ली फिरवायचं काम दुसऱ्यावर ढकलायचं, पेन चिमटीत धरायचं सोडून मुठीत धरायचं. माणूस हे सगळं नकळत करत जातो आणि "हात दुखतो" हे वाक्य तोंडातून बाहेर पडतं तोवर बराच काळ गेलेला असतो. ऑक्युपेशनल थेरपी नेमकी याच युक्त्यांपासून सुरू होते, फक्त तिथे युक्ती कुठली बरी आणि कुठली सांध्याला जास्तच त्रास देणारी हे कुणीतरी बसून बघतं.

आधी आजाराबद्दल थोडं. संधिवात हा शब्द आपण सांध्याच्या कुठल्याही दुखण्याला वापरतो आणि तिथेच गोंधळ होतो. इथे बोलतोय ते ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल, ज्याला लोक झीज म्हणतात. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, कूर्चा, तो पातळ होतो, शेजारी हाड थोडं वाढतं, सांध्याभोवतीचे बंध सैल पडतात, मधूनमधून सूजही येते, म्हणजे नुसती झीज म्हणणं अर्धवटच आहे, अख्ख्या सांध्याचंच काम बिघडतं. हातात हे तीन ठिकाणी जास्त दिसतं: नखाजवळचा सांधा, बोटाच्या मधला सांधा आणि अंगठ्याचं मूळ, मनगटाच्या जरा वर. नखाजवळच्या टणक गाठींना हेबर्डन नोड म्हणतात, 18व्या शतकातल्या विल्यम हेबर्डन या इंग्लिश डॉक्टरवरून, आणि मधल्या सांध्यावरच्यांना बुशार नोड, एका फ्रेंच डॉक्टरवरून. बायकांमध्ये पाळी जायच्या वयाच्या आसपास आणि पुढे हे जास्त दिसतं, आणि आईच्या बोटांना गाठी असतील तर मुलीला होण्याची शक्यता वाढते.

रुमॅटॉइड हा वेगळा आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, मुठीचे मोठे सांधे आणि मनगट सुजतं, सूज हाताला मऊ लागते आणि सकाळचा ताठरपणा तासभर किंवा जास्तही टिकतो. झिजेत सकाळी बोटं आखडतात पण साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतात. तुमचं चित्र रुमॅटॉइडसारखं असेल, किंवा एखादा सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर तीही वेगळीच भानगड आहे, मनगटात नस दाबली जात असू शकते.

आता नावाबद्दल. ऑक्युपेशनल म्हटलं की वाटतं नोकरीधंद्याशी संबंधित काहीतरी असणार. मराठीत व्यवसायोपचार असा शब्द केलाय, त्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच असं माझं मत. इथे ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभर ज्या ज्या कामात गुंतलेला असतो ते सगळं, दात घासण्यापासून बाळाला उचलण्यापर्यंत आणि गिटार वाजवण्यापर्यंत. फिजिओथेरपिस्ट साधारणपणे सांधा आणि स्नायू इथून सुरुवात करतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट कामापासून. हाताच्या बाबतीत दोघांची हद्द बरीच पुसट असते, त्यामुळे कोण कुठला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही काय काम करता हे समोरच्याने विचारलं का, एवढं बघा.

पहिल्या भेटीत खरंच तेच विचारतात. कॅनडात तयार झालेली आणि 1991 साली प्रसिद्ध झालेली एक पद्धत आहे, सीओपीएम नावाची, जगभर वापरतात. तुम्हाला अडणारी, तुमच्या दृष्टीने महत्त्वाची अशी जास्तीत जास्त पाच कामं निवडायची, प्रत्येक काम आत्ता किती जमतं आणि त्यावर तुम्ही किती समाधानी आहात याला 1 ते 10 मध्ये मार्क द्यायचे, आणि काही आठवड्यांनी परत तेच. साधारण 2 मार्कांचा फरक पडला तर काहीतरी खरंच बदललं असं धरतात. मला हे फार आवडतं, कारण एक्स-रे आणि त्रास यांचा हातात मेळ बसतोच असं नाही. फोटोत सांधा पार खराब दिसतो आणि माणूस मजेत काम करतोय, किंवा उलटं.

मापंही घेतात. मूठ आवळून पकड मोजायचं यंत्र असतं, चिमटीचं वेगळं असतं. अंगठा किती फिरतो यासाठी एक सोपी चाचणी आहे, कापांजी नावाच्या फ्रेंच सर्जनने 1986 मध्ये मांडलेली, ती घरीही करून बघता येते. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लागलं तर 6 मार्क, आणि करंगळीवरून खाली सरकत तळव्यातल्या वरच्या आडव्या रेघेपर्यंत पोचलं तर पूर्ण 10.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. 1977 साली कूनी आणि चाओ या दोघांनी अंगठ्यावर येणाऱ्या जोराचा हिशोब मांडला होता. त्यात निघालं की अंगठ्याच्या टोकाशी तुम्ही चिमटीत 1 किलोचा जोर लावला की मुळाच्या सांध्यावर जवळपास 12 किलोचा दाब येतो. आणि घट्ट मूठ आवळून काही पकडलं तर तो आकडा 120 किलोपर्यंत जाऊ शकतो. परत वाचा, 120. एका छोट्याशा सांध्यावर.

असं का होतं? अंगठा म्हणजे एक लांब दांडा, जोर लागतो टोकाला आणि आधार आहे पार मुळाशी. दांडा टोकाला हलू नये म्हणून स्नायूंना मुळाजवळ कितीतरी जास्त ताकदीने ओढून धरावं लागतं आणि ती सगळी ओढ सांध्याला दाबते. त्यात हा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा आहे, एका बाजूने खोलगट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर. खोगिरावर बसलेला माणूस जसा पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलू शकतो तसा अंगठा चहूकडे फिरतो, म्हणूनच तो इतक्या कामाचा आहे. पण खोगिराला खोल खळगा नसतो, त्यामुळे सगळी भिस्त बंधांवर. बंध सैल झाले की अंगठ्याच्या हाडाचं मूळ खोगिरावरून बाहेरच्या बाजूला घसरायला लागतं आणि मनगटाच्या कडेला एक टेकाड दिसतं, लोक त्याला हाड वाढलंय म्हणतात, प्रत्यक्षात ते बरंचसं घसरलेलं असतं.

पुढची गोष्ट अजून इंटरेस्टिंग. मूळ घसरलं की अंगठ्याचं ते लांब हाड तळव्याकडे ओढलं जातं, अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी आकसते, मग मोठी वस्तू धरायला अंगठा उघडतच नाही. काम तर करायचंय, म्हणून मधला सांधा उलटा वाकून ती जागा भरून काढतो. बाजूने बघितलं तर अंगठा चक्क वाकड्यातिकड्या जिन्यासारखा दिसतो. हे एकदा झालं की प्रत्येक चिमटीला मूळ अजून घसरतं. या चक्रात कुठेतरी खुंटी मारायची, झिजलेली कूर्चा परत आणता येत नाही पण ते 12 किलो कमी करता येतात आणि ते कुठून जातात हे बदलता येतं. थेरपिस्ट पुढे जे जे काही सांगतो, पट्टा, व्यायाम, जाड पेन, पिशवी खांद्याला अडकवणं, ते सगळं या एका हिशोबातून निघतं, आणि हा हिशोब पेशंटला नीट सांगितला नाही तर बाकीच्या सूचना नुसत्या आजीबाईच्या सल्ल्यासारख्या वाटतात, म्हणून इतका वेळ घेतला.

सूचनांच्या या भागाला जॉइंट प्रोटेक्शन म्हणतात, सांधे जपणं. कल्पना जुनी आहे, जॉय कॉर्डरी नावाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी 1965 मध्ये ती मांडली, पण रुमॅटॉइडसाठी. त्यामुळे झिजेच्या पेशंटने नेटवर सापडलेला प्रत्येक नियम जसाच्या तसा उचलू नये, काही नियम त्या आजारातल्या बोटं तिरकी होण्यासाठी आहेत आणि तुमचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

मग तुमच्या उपयोगाचं काय? मोठ्या सांध्याला काम द्या. पिशवी बोटांवर लटकवायच्या ऐवजी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याला. जड भांडं एका हाताने कान धरून उचलायचं नाही, दोन्ही तळवे खालून लावायचे, किंवा उचलायचंच नाही, ओट्यावर सरकवायचं. दार बोटांनी ढकलण्यापेक्षा कोपराने, ड्रॉवर कंबरेने. फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने टाइप करणं म्हणजे दुखऱ्या अंगठ्यासाठी फार वाईट सवय, फोन टेबलावर ठेवून तर्जनीने टाइप करा नाहीतर सरळ बोलून लिहा, हल्ली ते बरंच बरं जमतं. पुस्तक हातात धरून वाचत असाल तर स्टँड घ्या, कारण न हलता बराच वेळ धरून ठेवणं हे जोर लावण्याइतकंच त्रासदायक.

दुसरी गोष्ट, वस्तू जाड करा. बारीक पेन धरायला घट्ट चिमूट लागते, जाड पेनाला सैल पकडही पुरते. पेन, टूथब्रश, चमचा यांवर फोमची नळी चढवली की झालं, ही सगळ्यात स्वस्त थेरपी. सुरीला धार ठेवा, हे ऐकून लोक घाबरतात, पण बोथट सुरीला जास्त दाबावं लागतं आणि तीच जास्त निसटते. सुरीची मूठ उभी, करवतीसारखी असेल तर मनगट सरळ राहतं आणि जोर दंडातून येतो. किल्लीला मोठं डोकं बसवणारं साधन मिळतं, नळाला आणि दाराला गोल मुठीऐवजी दांडीवाली मूठ लावता येते. झाकणासाठी तळहाताखाली रबराचा तुकडा, बरणी ओल्या फडक्यावर ठेवायची, तळहात झाकणावर सपाट दाबायचा आणि खांद्यातून फिरवायचं, बोटांनी नाही. नवीन बरणी असेल तर आधी चमच्याच्या दांड्याने झाकणाची कड किंचित उचलून आतली हवेची ओढ सोडवा, अर्धी ताकद तिथेच वाचते. कपडा पिळायचा असेल तर नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं धरून फिरवा, किंवा पिळूच नका, नुसतं दाबून पाणी काढा.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि हीच लोक सगळ्यात कमी पाळतात. बरं वाटतंय तेव्हा सगळं एकदम उरकायचं आणि मग दोन दिवस हात धरून बसायचं, हे चक्र बहुतेकांचं असतं. थेरपिस्ट एक अंदाज सांगतात: एखादं काम केल्यावर दुखणं 2 तासांहून जास्त टिकलं तर ते काम जास्त झालं. बंद करायचं असा याचा अर्थ नाही, पुढच्या वेळी तुकडे करून करायचं. दुखतंय म्हणून हात वापरणंच सोडलं तर स्नायू गळतात आणि सैल सांधा अजूनच सैल होतो.

हे सगळं ऐकून वाटेल की हे तर कुणीही सांगेल, याला शिकलेला माणूस कशाला हवा. मलाही तसंच वाटायचं. पण ब्रिटनमध्ये 50 वर्षांवरच्या 257 लोकांवर एक अभ्यास झाला, 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी काहींना जॉइंट प्रोटेक्शन शिकवलं, काहींना हाताचे व्यायाम, काहींना दोन्ही, आणि काहींना फक्त माहितीपत्रक. 6 महिन्यांनी बघितलं तर जॉइंट प्रोटेक्शन शिकलेल्यांपैकी 33 टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका फरक पडला होता, न शिकलेल्यांपैकी 21 टक्क्यांना. म्हणजे वाचून कळणं आणि कुणीतरी करून घेणं यात फरक आहे. आता हा आकडा प्रामाणिकपणे वाचला तर दुसरी बाजूही दिसते, 100 पैकी 67 लोकांना शिकूनही तेवढा फरक पडला नाही. हाताच्या झिजेवर जादू नाही, जो छातीठोक गॅरंटी देतो त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

आता स्प्लिंट, म्हणजे तो पट्टा किंवा साचा. अंगठ्याच्या मुळाला बाहेरून आधार द्यायचा, जेणेकरून चिमूट धरताना मूळ घसरणार नाही. दोन जाती आहेत. एक मऊ, निओप्रीनचा, पाणबुडे घालतात त्या सूटच्या कापडाचा, ऊब देतो, हलायला थोडी मुभा देतो. दुसरा कडक, थर्मोप्लास्टिकचा. हे प्लास्टिक गरम पाण्यात मऊ पडतं, मग थेरपिस्ट ते तुमच्या हातावरच बेतून आकार देतो, काही मिनिटांत ते गार होऊन टणक होतं. चांगला स्प्लिंट मुळाला धरतो पण अंगठ्याचं टोक मोकळं ठेवतो, म्हणजे काम करता येतं. मनगटापर्यंत जाणारा लांब साचाही असतो पण तो रोज वापरायला लोक कंटाळतात, आणि कपाटात पडलेल्या स्प्लिंटचा उपयोग शून्य. त्यामुळे कुठला बरा याचं माझ्या मते एकच उत्तर, जो तुम्ही खरंच घालाल तो.

उपयोग होतो का? इथे पुरावा गमतीदार आहे. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, 2009 चा, 112 लोकांपैकी निम्म्यांना मापाने बनवलेला निओप्रीनचा स्प्लिंट रात्री घालायला दिला. एका महिन्याने काहीच फरक नाही, घालणारे आणि न घालणारे सारखेच. पण 12 महिन्यांनी घालणाऱ्यांचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं. उलट ब्रिटनमध्ये 349 लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात काहींना खरा स्प्लिंट, काहींना दिसायला तसाच पण आधार न देणारा, काहींना स्प्लिंटच नाही, आणि सगळ्यांनाच माहिती, सल्ला आणि व्यायाम दिले, तर 8 आठवड्यांनी तिन्ही गटांत फरक सापडला नाही, सगळेच थोडे सुधारले. मग खरं काय? मला वाटतं दोन गोष्टी निघतात. एक, स्प्लिंट एकटा काही करत नाही, त्याच्यासोबत शिकवणं हवं, आणि दुसरी, महिनाभर घालून "फरक नाही" म्हणून फेकून देणं घाईचं आहे. युरोपातल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 च्या शिफारशींमध्ये अंगठ्याच्या मुळासाठी स्प्लिंटचा विचार करा आणि दीर्घकाळ वापरा असंच म्हटलंय, अमेरिकेतल्या संघटनेनेही 2019 च्या मार्गदर्शनात त्याची जोरदार शिफारस केलीय.

घालून त्वचा लाल होते आणि 20 मिनिटांत लाली जात नाही, किंवा बोटं बधिर पडतात, तर साचा परत न्या, सहन करत बसू नका. कडक साचा उन्हात किंवा गरम ठिकाणी ठेवला की वितळून वेडावाकडा होतो, निओप्रीन वर्षभरात ढिला पडतो. आणि दिवसभर नाही घालायचा, जड कामाच्या वेळी आणि हवं तर रात्री.

बोटांसाठी छोटे स्प्लिंट असतात. नखाजवळचा सांधा दुखत असेल आणि टोक खाली झुकत असेल तर रात्री ते एक बोट सरळ ठेवणारी छोटी नळी. मधला सांधा उलटा वाकत असेल तर आठच्या आकड्यासारखी रिंग. गाठींबद्दल एक दिलासा म्हणजे त्या तयार होत असताना जास्त दुखतात, नंतर बरेचदा दुखणं ओसरतं आणि आकार तेवढा राहतो. नखाजवळ कधी जेलीसारखा पातळ फोड येतो, तो सुईने फोडू नका, त्याचं तोंड आत सांध्याशी जोडलेलं असू शकतं आणि जंतू थेट सांध्यात जातात. अंगठी घालत असाल तर ती निघतेय तोवर काढून मोठी करून घ्या.

व्यायामाबद्दल सगळ्यात आधी, तो रबरी बॉल खाली ठेवा. हात दुखतो म्हटलं की दहापैकी नऊ जण बॉल दाबायला सांगतात आणि अंगठ्याच्या मुळाची झीज असेल तर कडक बॉल जोरात दाबणं म्हणजे वरचा तो हिशोब आठवा. ताकद हवीच आहे, पण योग्य स्नायूंची. पहिलं काम बेचकी उघडण्याचं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला तो मांसल भाग दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हळूहळू दाबून मोकळा करायचा, तिथे दुखरा कडक पट्टा सापडतो, तोच अंगठ्याला आत ओढत असतो. मग अंगठ्याने इंग्रजी सी चा आकार करायचा, जणू हातात ग्लास आहे, मधला सांधा किंचित वाकलेला, उलटा नाही. मग तर्जनीच्या टोकाला लावून गोल ओ करायचा, तो गोल बसका होऊ द्यायचा नाही. हे आरशासमोर किंवा थेरपिस्टसमोर शिकायचं कारण चूक आपली आपल्याला दिसत नाही. मग तर्जनीला रबरबँड किंवा दुसऱ्या हाताचा हलका अडथळा देऊन ती अंगठ्याच्या दिशेने बाजूला सरकवायची, या स्नायूची ओढ घसरणाऱ्या हाडाला जागेवर बसायला मदत करते. हाताला टेबलाचा आधार देऊन करा, घाई नको.

बोटांसाठी सोपं आहे: सरळ पंजा, मग हुकासारखी बोटं, मग पूर्ण मूठ पण न आवळता, मग बोटं फाकवणं, मग अंगठा एकेका बोटाला लावणं. कोमट पाण्यात हात धरून केलं तर सकाळी फार बरं वाटतं. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की व्यायामाने दुखणं, काम आणि ताठरपणा यांत फरक पडतो पण तो छोटा असतो. मी तरी छोटा फरकही घेईन, कारण साइड इफेक्ट जवळपास नाहीत, फक्त नियम पाळायचा की दुसऱ्या दिवशी सूज आली तर प्रमाण कमी करायचं.

गरम शेक म्हणजे उपचार नाही, उपचाराची तयारी. त्यात मेणाचा शेक नावाजलेला आहे, पॅराफिन मेण साधारण 52 ते 54 डिग्रीला वितळलेलं असतं, त्यात हात बऱ्याचदा बुडवून काढायचा म्हणजे थरावर थर चढून मोजा तयार होतो, मग गुंडाळून 15-20 मिनिटं. उष्णता सगळ्या वळणावळणांत पोचते आणि नंतर लगेच व्यायाम केले तर बोटं सैल वळतात. पण मेण गॅसवर तापवून घरी प्रयोग नको, भाजण्याचे प्रकार तसेच होतात, आणि डायबेटिसमुळे हाताची जाणीव कमी असेल, जखम असेल तर नकोच. सांधा सुजून तापलेला असेल तेव्हा शेकापेक्षा थंडावा बरा. वरून लावायच्या दुखण्याच्या जेलबद्दल डॉक्टरशी बोला, हातासाठी गोळ्यांआधी तेच सुचवतात. मिरचीतल्या द्रव्याचं क्रीम मात्र हाताला नको, चुकून डोळ्याला हात लागतोच.

ऑपरेशनचा प्रश्न शेवटी येतो. नॉर्वेत अंगठ्याच्या मुळासाठी सर्जनकडे पाठवलेल्या 180 लोकांचे दोन गट केले, एका गटाला सर्जनच्या भेटीआधी ऑक्युपेशनल थेरपी दिली, म्हणजे शिकवणं, व्यायाम, दिवसाचा आणि रात्रीचा स्प्लिंट, काही साधनं, आणि दुसऱ्याला फक्त थोडी माहिती. 2 वर्षांनी थेरपीवाल्यांपैकी 24 टक्क्यांचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यांपैकी 32 टक्क्यांचं. फरक दिसतो पण इतका पक्का नाही की थेरपीने ऑपरेशन टळतं असं ठामपणे म्हणावं. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच: ज्याला सुरुवातीलाच ऑपरेशन हवं असं मनातून वाटत होतं त्याचं ते होण्याची शक्यता जास्त होती. थेरपी मनापासून करून बघायची का नुसती चौकट भरायची, हे आधी स्वतःलाच विचारावं लागतं.

नेहमीचं ऑपरेशन म्हणजे खोगिराखालचं ते छोटं हाड, ट्रॅपेझियम, काढून टाकणं. त्यानंतर हात काही आठवडे प्लास्टर किंवा साच्यात राहतो, मग परत ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, परत सी चा आकार, परत बेचकी, फक्त आता दुखणं बरंच कमी झालेलं असतं. पेन, चमचा, बटण आधी जमायला लागतं. चिमटीची ताकद यायला सहा महिने ते वर्षही लागतं, आणि बरणीचं झाकण बहुतेकांना अगदी शेवटीच जमतं.